विमानतळाच्या आतली गाडी बंद पडली तर

इंदूरहून दिल्ली-मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर सुरक्षा तपासणी झाली की चार पावलांवर गेट येतं. म्हणून लेकाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच निघालेल्या काका-काकूंना एक गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगतो. परदेशातल्या बऱ्याच मोठ्या विमानतळांवर एका टर्मिनलमधून दुसऱ्यात जायला आतच छोटी रेल्वे असते. तिला ड्रायव्हर नसतो, टर्मिनल बदलायला तिकीट काढावं लागत नाही आणि ती दर थोड्या मिनिटांनी येते. अशी पहिली गाडी 1971 साली अमेरिकेतल्या टँपा विमानतळावर धावली. आज अटलांटा, डेन्व्हर, शिकागो, नेवार्क, टोरांटो, लंडन, दुबई, सिंगापूर अशा सगळीकडे ती दिसते.

ही गाडी रोज बिनबोभाट चालते, पण कधीतरी थांबते. वीज जाते, सिग्नल बिघडतो, देखभालीसाठी मार्ग बंद ठेवतात. अनेकदा कारण अगदी साधं असतं: बंद होणाऱ्या दारात कुणीतरी बॅग घालतं. दार नीट लागल्याशिवाय गाडी हलत नाही आणि ती हलली नाही की मागच्याही अडकतात. दार बंद होत असेल तर सोडून द्या, पुढची लगेच येते. नवरा आत आणि बायको बाहेर अशी वेळ आली तरी दार धरू नका. आत गेलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून फलाटावरच थांबायचं. हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.

आधी एवढं माहीत करून घ्या: पायी जाता येतं का?

गाडी बंद पडल्यावर सगळ्यांना विचारायचं असतं, "आता किती वेळ लागेल?" त्याचं उत्तर तिथल्या कर्मचाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. विचारायचं ते असं: "गाडीशिवाय कसं जायचं?" याचं उत्तर प्रत्येक विमानतळावर वेगळं आहे आणि ते निघण्याआधी, घरी बसूनच कळू शकतं. आमच्या ग्राहकांच्या मार्गात वारंवार येणाऱ्या जागांबद्दल इथे सांगतो.

अटलांटा हे प्रवाशांच्या संख्येने जगातलं सर्वांत गजबजलेलं विमानतळ. तिथे टी, ए, बी, सी, डी, ई, एफ असे भाग एकामागोमाग एका रांगेत आहेत आणि त्यांच्या खालून भुयारी गाडी धावते. तिच्या शेजारूनच, त्याच भुयारात, पायी जाण्याचा रुंद रस्ता आहे आणि त्यावर सरकते पट्टेही आहेत. दोन भागांमधलं अंतर साधारण तीनशे मीटर. म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानातून ई भागात उतरून ए भागातलं देशी विमान पकडायचं असेल, तर सव्वा किलोमीटरच्या आसपास चालावं लागेल. राजवाड्यापासून बडा गणपतीपर्यंत चालत जाणाऱ्याला हे जमेल. गुडघे धरलेल्याला नाही जमणार, त्याच्यासाठी पुढे लिहिलं आहे. पाय चालत असतील तर अटलांट्यात गाडी सुरू होण्याची वाट बघत बसू नका. टी आणि ए यांच्यामध्ये झिम्बाब्वेच्या शिल्पकारांची दगडी शिल्पं मांडली आहेत. परतीच्या वेळी हाताशी वेळ असेल तर ती जरूर बघा.

डेन्व्हरची गोष्ट उलटी. तिथे मुख्य टर्मिनलपासून ए भागात जायला पूल आहे, पण बी आणि सी भागांत जायला गाडीशिवाय पायवाट नाही. गाडी थांबली की विमानतळाने बस लावली तरच पुढे सरकता येतं, आणि बसची रांग लांब लागते. म्हणून डेन्व्हरला विमान बदलायचं असेल तर आम्ही मधला वेळ मुद्दाम जास्त ठेवतो. तिकीट थोडं महाग पडलं तरी तसंच घ्या, असा आमचा आग्रह असतो.

शिकागोच्या ओहेअरवर आपल्याकडून जाणारं विमान टर्मिनल 5 वर उतरतं. इमिग्रेशन झालं, पट्ट्यावरून बॅगा घेतल्या, कस्टम झालं, पुढच्या विमानासाठी बॅगा पुन्हा दिल्या की इमारतीबाहेर येऊन गाडीने टर्मिनल 1, 2 किंवा 3 ला जायचं आणि तिथे सुरक्षा तपासणी नव्याने करायची. ही गाडी नूतनीकरणासाठी 2019 पासून 2021 च्या अखेरीपर्यंत बंद होती आणि तेवढा काळ लोकांनी बसनेच ये-जा केली. तेव्हा "गाडी बंद" म्हणजे "रस्ता बंद" नव्हे. "शटल बस" लिहिलेली पाटी शोधा आणि बसमध्ये चढण्याआधी ड्रायव्हरला आपलं टर्मिनल सांगा.

नेवार्कची गाडी 1996 ची. ती ए, बी, सी टर्मिनलं जोडते आणि तिच्या जागी नवी बांधण्याचं काम चालू आहे. तिथे प्रवासाच्या आदल्या दिवशी विमानतळाच्या संकेतस्थळावर गाडी चालू आहे की बस लावली आहे ते बघून घ्या. तुम्हाला जमत नसेल तर आम्हाला फोन करा, आम्ही बघून सांगू. टोरांटोला टर्मिनल 1 आणि 3 मधली गाडीसुद्धा तपासणीच्या बाहेरून जाते आणि ती बंद असली की बस असते.

लंडनच्या हीथ्रोवर टर्मिनल 5 चे ए, बी, सी असे तीन भाग आहेत. त्यांच्यामध्ये भुयारी गाडी आहे आणि तिला समांतर पायी जाण्याचा भुयारी मार्गही आहे. दुबईच्या टर्मिनल 3 मध्ये ए आणि बी भागांमधली गाडी थांबली तर बसवर अवलंबून राहावं लागतं. ऑस्ट्रेलियाला सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांना फारशी चिंता नाही. टर्मिनल 1, 2, 3 एकमेकांना आतून जोडलेली आहेत, सरकत्या पट्ट्यांवरून चालत जाता येतं. फक्त टर्मिनल 4 बाजूला आहे, तिथे बसच.

दिल्ली आणि मुंबईत गाडी नाही, पण अडचण तीच

दिल्लीत टर्मिनल 2 आणि 3 लागून आहेत, पायी जाता येतं. टर्मिनल 1 मात्र लांब आहे आणि तिथून 3 ला रस्त्यानेच जावं लागतं. इंदूरचं विमान टर्मिनल 1 वर उतरलं आणि परदेशी विमान 3 वरून असेल, तर बस किंवा टॅक्सी आणि वाटेतला ट्रॅफिक आलाच. दोन्हीकडे मेट्रोची स्टेशनं आहेत, पण ती वेगवेगळ्या लाइनींवर. बॅगा घेऊन तो नाद करू नका. हिवाळ्यात सकाळचं धुकं असेल तर इंदूरचं विमानच उशिरा पोचतं. डिसेंबर-जानेवारीत आम्ही आदल्या संध्याकाळी दिल्ली गाठायला सांगतो ते यासाठी.

मुंबईत टर्मिनल 1 आणि 2 यांच्यामधलं अंतर रस्त्याने चार-पाच किलोमीटर. ऑक्टोबर 2024 पासून भुयारी मेट्रोची स्टेशनं दोन्हीकडे झाली आहेत, ती दिवसा उपयोगी पडतात. पण परदेशी विमानं बहुतेक रात्री उशिरा किंवा पहाटे असतात आणि तेव्हा मेट्रो बंद असते. रात्रीचा हिशोब टॅक्सीचाच धरा.

तिकीट काढतानाच निम्मं काम होतं

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल आणि गाडी बंद पडल्यामुळे पुढचं विमान चुकलं, तर एअरलाइनच्या काउंटरवर जाऊन तुम्ही हक्काने पुढच्या विमानात जागा मागू शकता. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता आणि तिकिटाचे पैसे बुडू शकतात. इंटरनेटवर दोन स्वस्त तिकिटं जोडून सात-आठ हजार वाचतात हे आम्हालाही दिसतं. तरुण मुलगा एक पाठपिशवी घेऊन जात असेल तर त्याने तसं करावं. पण सत्तरीच्या आई-वडिलांसाठी अशी तिकिटं काढू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मधला वेळ किती हवा? प्रत्येक विमानतळासाठी कमीत कमी वेळ ठरलेला असतो आणि त्याहून कमी वेळाचं एकत्र तिकीट निघतच नाही. पण तो वेळ सगळं सुरळीत चाललं तर पुरेल असा असतो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम आणि पुन्हा तपासणी करायची असल्याने आम्ही ज्येष्ठांना तीन तासांच्या खाली तिकीट देत नाही, चार तास असले तर उत्तम. शक्य असेल तर त्या दिवसाचं शेवटचं विमान टाळतो. ते चुकलं की रात्र विमानतळावर काढावी लागते.

प्रत्यक्ष गाडी थांबली की

तुम्ही फलाटावर असाल तर आधी घड्याळ आणि बोर्डिंग पास बघा. पासवर छापलेली सुटण्याची वेळ आपल्या कामाची नाही. गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी बंद होतं. तेवढी वजा करून किती वेळ उरला ते ठरवा. पायवाट असेल आणि पाय साथ देत असतील तर निघा. नसेल तर गणवेशातला माणूस गाठा आणि बोर्डिंग पास त्याच्या समोर धरून हे म्हणा. मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहिलंय, पाठ करायची गरज नाही, वाचून दाखवलंत तरी चालेल:

"आय हॅव अ कनेक्टिंग फ्लाइट. द ट्रेन इज नॉट रनिंग. हाउ कॅन आय रीच धिस गेट?"

आणि चालणं शक्य नसेल तर:

"आय कॅनॉट वॉक धिस फार. आय नीड अ व्हीलचेअर, प्लीज."

संकोच करू नका. असं विचारणाऱ्यांना मदत करणं हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं कामच आहे. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी कुणी हसत नाही.

तुम्ही गाडीत असाल आणि ती भुयारात मधेच थांबली, तर जागेवर राहा. प्रत्येक डब्यात बोलायचं बटण असतं. कुणाला त्रास होत असेल तर ते दाबून सांगा. दार जबरदस्तीने उघडून रुळांवर कधीही उतरू नका, कारण गाडीला वीज देणारी पट्टी तिथेच बाजूला असते. गाडी रिकामी करायची झाली तर कर्मचारी येऊन स्वतः बाहेर काढतात.

विमान चुकणार हे स्पष्ट दिसलं की एअरलाइनच्या मदत काउंटरच्या रांगेत उभे राहा आणि रांगेत असतानाच मुलाला फोन करा. त्याने तिकडून एअरलाइनच्या फोनवर किंवा अ‍ॅपवर प्रयत्न करायचा, तुम्ही इकडे रांग सोडायची नाही. ज्याचा आधी नंबर लागेल त्याने काम करून घ्यायचं. सहा अक्षरांचा पीएनआर आणि बॅगेच्या पावत्या दोन्ही जवळ ठेवा. पावत्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या असतात, त्या फाडून टाकू नका. नवं विमान मिळालं की तीच पावती दाखवून बॅग कुठल्या विमानाने येणार ते विचारून घ्या. विम्यात चुकलेल्या विमानाचा खर्च मिळतो की नाही हे पॉलिसीवर अवलंबून आहे, पण खाण्या-राहण्याची बिलं जपून ठेवा.

व्हीलचेअर मागवणाऱ्यांसाठी

व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात आणि तिकिटावर ते इंग्रजी अक्षरांनी लिहिले जातात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता-उतरता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या सीटपर्यंतही चालता येत नाही. बहुतेक लोक सवयीने पहिला प्रकार घेतात आणि एरवी तो पुरतो. अडचण येते ती गाडी बंद पडून बस आणि जिन्याची वेळ आली की. तुमच्या कागदावर "पायऱ्या चढता येतात" असं असेल तर तिथला माणूस तुम्हाला जिन्यासमोर उभं करेल आणि त्यात त्याची चूक नसेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, धाप लागत असेल, तर आम्हाला खरं काय ते सांगा. आम्ही प्रवासाच्या किमान 48 तास आधी योग्य तो प्रकार नोंदवून घेतो.

दोघं मिळून निघाला असाल आणि दोघांनाही त्रास असेल तर दोघांच्याही नावावर व्हीलचेअर मागा. एकाच्याच नावावर असली की काकू खुर्चीत बसतात आणि काका दोघांच्या बॅगा ओढत मागे धावतात. गाडी बंद असेल त्या दिवशी हा धावा एक-सव्वा किलोमीटरचा होतो. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने तुम्हाला कुठे बसवून ठेवलं आणि तो गेला, तर जाण्याआधी तो किंवा दुसरं कोणी कधी येणार ते विचारा. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र स्वतःकडेच ठेवा, खुर्चीच्या मागच्या खिशात घालू नका.

हातातल्या बॅगेबद्दलही थोडं. नातवंडांसाठी शेव, लाडू, मेतकूट न्यायचं, ते न्यायलाच हवं. पण ते वजन मोठ्या बॅगेत जाऊ द्या. हातातल्या बॅगेत एक दिवसाची औषधं, चष्मा, एक जोडी कपडे, चार्जर आणि थोडा कोरडा खाऊ, इतकंच. चाकं आवाज न करता नीट फिरतात ना, हे घरातल्या फरशीवर ओढून आधी बघा. आणि प्रवासाला नवे बूट घालू नका, रोज फिरायला जाताना घालता तेच घाला.

आमच्याकडून काय मिळेल

तिकीट काढल्यावर प्रत्येक ग्राहकाला आम्ही एक कार्ड देतो. त्यावर तुमच्या मार्गातलं प्रत्येक विमानतळ, उतरण्याचं आणि चढण्याचं टर्मिनल, गाडी बंद असेल तर पायी रस्ता आहे की बस, आणि वरची इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिलेली असतात. टर्मिनल ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा तपासून फोन करतो. ज्यांनी तिकीट दुसरीकडून काढलंय त्यांनाही कार्ड करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. येताना तिकिटाची छापील प्रत आणा. ज्याला प्रवास करायचा आहे त्याने स्वतः आलं तर बरं, म्हणजे कार्ड त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेता येतं.