सार्पीडॉनचा रांजण: एका खरेदीची पार्श्वभूमी

ग्रीक पुराणकथांच्या चित्रांवरून आजवर जे वाद झाले, त्यांत सार्पीडॉनच्या या मातीच्या रांजणाच्या मालकीचा वाद सर्वांत लांबलेल्यांपैकी एक. इ.स.पू. ५१५च्या सुमारास अथेन्समध्ये युक्सिथिऑस या कुंभाराने तो घडवला आणि युफ्रोनिऑसने रंगवला. दोघांची नावे रांजणावरच लिहिलेली आहेत. वाइनमध्ये पाणी मिसळण्याचे हे भांडे सुमारे ४६ सेंटिमीटर उंच आहे आणि त्यात ४५ लिटरच्या आसपास मावते.

प्रसंग होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या सोळाव्या सर्गातला. देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा सार्पीडॉन ग्रीक योद्धा पेट्रोक्लसच्या भाल्याने पडला आहे. निद्रा आणि मृत्यू हे पंखधारी जुळे भाऊ त्याचे शव लिसियाला, त्याच्या मायभूमीला, न्यायला उचलत आहेत. होमरने ही व्यवस्था अपोलो देवाकडे सोपवली होती. युफ्रोनिऑसने मधोमध उभा केला तो हर्मिस, मेलेल्यांना वाट दाखवणारा. शव बाकीच्यांपेक्षा धिप्पाड आहे, जखमांतून रक्ताच्या धारा वाहतात, एक हात खाली लोंबतो. पोटाचा एकेक स्नायू पातळ केलेल्या रंगाच्या बारीक रेघेने दाखवला आहे. पार्श्वभूमी काळी करून आकृत्या मातीच्या तांबूस रंगात सोडण्याची पद्धत तेव्हा जेमतेम एका पिढीची होती. तिच्यातले इतके सफाईदार काम क्वचितच पाहायला मिळते.

अथेन्सची अशी भांडी जहाजांतून इटलीत जात आणि तिथले श्रीमंत इट्रस्कन लोक ती आपल्या थडग्यांत ठेवत. आज जगभरच्या संग्रहालयांत अखंड दिसणारी बरीचशी ग्रीक भांडी ग्रीसमधून नव्हे, या थडग्यांतून आली आहेत. १८२८ नंतर इटलीतल्या वुल्ची इथे ती हजारोंनी निघाली आणि युरोपभर विकली गेली. तेव्हापासून इटलीत कबरी फोडणे हा एक धंदाच होऊन बसला. इटलीच्या १९३९च्या कायद्याने जमिनीखालचा पुरातन ठेवा सरकारचा ठरला, तरी धंदा थांबला नाही.

हा रांजण १९७१च्या अखेरीस रोमजवळच्या चेर्वेतेरीतल्या एका थडग्यातून चोरांनी काढला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका बड्या संग्रहालयाने तो १० लाख डॉलरला विकत घेतला. एका ग्रीक भांड्याला एवढी किंमत त्याआधी कोणी मोजली नव्हती. पैसे उभे करण्यासाठी संग्रहालयाने आपला प्राचीन नाण्यांचा संग्रह विकला. ऑगस्ट १९७२मध्ये रांजण झ्युरिकहून विमानाच्या पहिल्या वर्गात, स्वतःच्या आसनावर बसून आला.

मूळ कुठले, या प्रश्नावर विक्रेत्याने कागद पुढे केला: लेबनॉनमधल्या एका संग्राहकाच्या वडिलांनी तो १९२०मध्ये लंडनला जुन्या नाण्यांच्या बदल्यात मिळवला होता म्हणे. संग्रहालयाने हे मान्य केले. खरी गफलत इथे झाली, आणि ती भाबडेपणाने झाली असे मानणे मला जड जाते. प्राचीन वस्तूंची चोरटी आयात-निर्यात रोखणारा युनेस्कोचा करार १९७०मध्येच झाला होता. ज्यांचा सारा जन्म ग्रीक भांड्यांत गेला, त्यांना ५० वर्षे कोणाच्याही कानावर न आलेला युफ्रोनिऑसचा अखंडप्राय रांजण अचानक बाजारात यावा, याचे नवल वाटायला हवे होते. १९७३मध्ये वर्तमानपत्रांनी चेर्वेतेरीची चोरी छापली, तरी संग्रहालय आपल्या कागदाला चिकटून राहिले. रांजण आमच्याकडे सुरक्षित आहे आणि लाखो लोक तो पाहतात, हा युक्तिवाद नेहमी पुढे येई. त्यात तथ्य आहेच, पण मालकीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

पुरावे यायला आणखी दोन दशके गेली. १९९५मध्ये जिनिव्हातल्या एका विक्रेत्याच्या गोदामावर छापा पडला. तिथे पोलरॉइड फोटोंचे ढीग सापडले: मातीने माखलेल्या, फुटलेल्या, नुकत्याच उकरलेल्या वस्तू. खुद्द हा विक्रेता न्यूयॉर्कच्या दालनात रांजणाच्या काचेशेजारी उभा असल्याचाही फोटो त्यांत होता. संग्रहालयाला रांजण विकणाऱ्याच्या हस्तलिखित आठवणी २००१मध्ये पॅरिसमध्ये हाती लागल्या. त्यांत खरेदीच्या दोन वेगवेगळ्या कथा होत्या, आणि एकीत रांजण जिनिव्हाच्या याच विक्रेत्याकडून आला होता.

फेब्रुवारी २००६मध्ये संग्रहालय आणि इटली सरकार यांच्यात समझोता झाला. गैर काही केल्याचे संग्रहालयाने त्यात मान्य केले नाही. बदल्यात इटलीने तोलामोलाच्या वस्तू दीर्घ मुदतीवर उसन्या पाठवण्याचे कबूल केले. जानेवारी २००८मध्ये रांजण इटलीत परतला. संग्रहालयाला रांजण विकणाऱ्यावरचा रोममधला खटला २०१२मध्ये कायदेशीर मुदत संपल्याने निकालाविनाच बंद झाला. रांजण आज चेर्वेतेरीच्या संग्रहालयात आहे.

परतफेड योग्यच झाली. मात्र तिच्या बातम्यांत एक नुकसान मागे पडले. शव उचलून नेण्याचे हे चित्र एखाद्या इट्रस्कन कुटुंबाने थडग्यासाठी मुद्दाम निवडले होते का? ते पुरुषाच्या शेजारी ठेवले होते की स्त्रीच्या, आणि सोबत आणखी काय होते? हे सांगू शकणारी मांडणी चोरांनी मोडली. अथेन्सच्या चित्रकाराला काय म्हणायचे होते ते रांजणावरून बरेचसे वाचता येते. चेर्वेतेरीच्या माणसांनी त्यात काय पाहिले, हे मात्र त्या रात्री पुसले गेले.