खोकलं की लघवी सुटते : या उपचारांमागचा इतिहास

कोल्हापूरच्या दवाखान्यांत या तक्रारीसाठी म्हणून बाई सहसा येत नाही. ती कंबर दुखते म्हणून येते, अंगावरून पांढरं जातं म्हणून येते. तपासणी उरकून उठताना आवाज खाली करून म्हणते, "खोकलं की जरा लघवी सुटतीया, पर वयच झालं आता." तोवर तिने नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभे राहणे सोडलेले असते, लग्नाकार्याला जाताना पाणी पिणे बंद केलेले असते आणि साडीच्या आत जुन्या सुती कापडाची घडी ठेवायची सवय लागलेली असते. चाळिशीच्या बाईनेही वयाचे कारण द्यावे, याचे फार वाईट वाटते. हा आजार आहे आणि त्याला उपाय आहेत.

तक्रारीचे मुख्य प्रकार दोन. जोतिबाच्या पायऱ्या चढताना, भाजीची पाटी उचलताना, हसताना-शिंकताना लघवी निसटते, तेव्हा मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात एकदम जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचायलाही अवधी मिळत नाही. इथे लघवीची पिशवी पुरती भरण्याआधीच आवळू लागते. अनेकींना दोन्ही त्रास असतात. पहिल्यावरचे ऑपरेशन दुसऱ्यावर चालत नाही आणि दुसऱ्याच्या गोळ्या पहिल्यावर उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे कोणताही उपचार ठरवण्याआधी त्रास कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणे आवश्यक असते.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांसमोर आलेले रूप यापेक्षा भयंकर होते. दिवसेंदिवस अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याच्या दाबाने लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडे आणि पुढे जन्मभर लघवी गळत राही. अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्स यांनी १८४०च्या दशकात गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. १८४९ मध्ये चांदीच्या तारेचे टाके घालून त्यांना यश आले. त्या स्त्रियांपैकी ॲनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे आपल्याला माहीत आहेत. एकट्या ॲनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हटवला गेला, ते योग्यच झाले. या उपचारांची सुरुवात त्या तिघींच्या देहावर झाली, हे विसरता येणार नाही.

कोल्हापूरचा धागा इथून फार लांब नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षाची जबाबदारी त्यांना देऊ केली, पण रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी या रुग्णालयात काम केले. आज आपण ज्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो, ते हेच रुग्णालय. पुरुष डॉक्टरांपुढे ज्या तक्रारी बायका तोंडातून काढत नसत, त्या ऐकणारी बाई इथे असावी, हा विचार संस्थानाने इतक्या आधी केला होता.

विसाव्या शतकात खोकताना लघवी सुटण्यावर एकामागून एक ऑपरेशने आली. १९१४ मध्ये हॉवर्ड केली यांनी मूत्राशयाच्या तोंडाजवळ टाके घालून आधार देण्याची पद्धत मांडली, १९४९ मध्ये मार्शल, मार्केटी आणि क्रांट्झ यांची आणि १९६१ मध्ये जॉन बर्च यांची पद्धत आली. बर्च यांची अजूनही केली जाते.

या गर्दीत १९४८ साली आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने सांगितले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने बळकट होतात. त्यांनी त्यासाठी एक साधन बनवले: योनीमार्गात ठेवायचा हवेचा रबरी फुगीर भाग, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला दाब दाखवणारी तबकडी. बाईने स्नायू आवळले की काटा वर सरके. मला या सगळ्या इतिहासात हा काटा फार मोलाचा वाटतो, कारण आपण बरोबर करतोय की नाही, हे पहिल्यांदाच त्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले. आपल्याकडे "व्यायाम करा" एवढेच सांगून कागद हातात दिला जातो. मग पुष्कळ जणी पोट किंवा मांड्या आवळत बसतात, काही तर खाली जोर देतात, आणि महिन्याभरात उपयोग नाही म्हणून सोडून देतात. वारा सरू नये म्हणून आपण जे आवरतो, ते आणि लघवी रोखताना जे आवळतो, ते स्नायू एकत्र आत-वर ओढायचे. श्वास चालू ठेवायचा. लघवी करता करता मध्येच धार थांबवण्याचा व्यायाम मात्र रोज करू नये. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा आणि किमान तीन महिने, तेही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, असे प्रमाण दिले आहे.

१९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाच्या मध्याखाली पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची अरुंद पट्टी, ताण न देता, बसवण्याचे छोटे ऑपरेशन आणले. ते जगभर पसरले आणि असंख्य बायकांना त्याचा खरोखर गुण आला. पण तसल्याच साहित्याच्या मोठ्या जाळ्या मायांग बाहेर येण्यावर वापरू लागले, तेव्हा दुखणे, जाळी आतून वर येणे अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या नियामक संस्थेने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि २०१९ मध्ये योनीमार्गातून बसवायच्या त्या जाळ्यांची विक्री थांबवली. लघवीसाठीची पट्टी तिथे चालू राहिली. ब्रिटनने मात्र २०१८ मध्ये पट्टीचा वापरही स्थगित केला. म्हणून ऑपरेशन सुचवले गेले, तर आत काय बसवणार आहात, ते पुढे काढता येते का आणि त्याऐवजी माझ्याच पोटाच्या आवरणाची पट्टी चालेल का, असे विचारण्याचा बाईला पूर्ण अधिकार आहे.

जोराची लागण्याच्या त्रासावर ऑक्सिब्युटिनिन हे औषध १९७५ मध्ये अमेरिकेत आले. त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वयस्करांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. वेगळ्या मार्गाने काम करणारे मिराबेग्रॉन २०११ मध्ये आधी जपानमध्ये मिळू लागले. ते घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. गोळ्यांनी भागले नाही, तर मूत्राशयात बोटॉक्सचे इंजेक्शन किंवा माकडहाडाच्या वरच्या मज्जातंतूंना विद्युत उत्तेजन देण्याचे उपाय आहेत. पण त्याआधी किमान सहा आठवडे घड्याळ लावून लघवीला जाण्याची सवय, चहा-कॉफी कमी करणे, बद्धकोष्ठ आणि जुना खोकला बरा करणे, वजन उतरवणे एवढे झालेच पाहिजे. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे आठ टक्के वजन घटवलेल्या बायकांचे लघवी सुटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले होते.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या शिवारात येते, म्हणून ती सांगायला हवी. स्वीडनमधल्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात गर्भपिशवी काढलेल्या बायकांना पुढे लघवी सुटण्यासाठी ऑपरेशन लागण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे समोर आले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडकडच्या टोळ्या दर हंगामात आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातही उतरतात. फडात आडोसा नसतो, दिवसभर लघवी दाबून ठेवावी लागते आणि डोक्यावर मोळ्या उचलायच्या असतात. टोळ्यांची आरोग्य तपासणी होते तिथे रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यांशेजारी "लघवी सुटते का?" हाही रकाना असावा आणि तो बाई कार्यकर्तीने, एकेकीला बाजूला घेऊन भरावा.