ग्लेनईगल्स: रेल्वेने वसवलेला महाल

स्कॉटलंडमध्ये पर्थशरच्या माळावर, ऑक्टरार्डर गावाजवळ, क्रीफ जंक्शन नावाचं एक स्थानक होतं. १९१२ साली त्याचं नाव बदलून ग्लेनईगल्स झालं. नाव जवळच्या खोऱ्याचं. त्यात गरुड शोधू नयेत. गेलिक भाषेतल्या चर्चसाठीच्या शब्दाचा तो अपभ्रंश मानला जातो. जगभर गाजलेल्या ग्लेनईगल्स हॉटेलची सुरुवात त्या स्थानकापासून धरायला हवी, कारण हे हॉटेल बांधायला काढलं एका रेल्वे कंपनीने.

ब्रिटनमध्ये तेव्हा रेल्वे खासगी होती आणि कंपन्या एकमेकींचे प्रवासी ओढायला टपलेल्या असत. श्रीमंत कुटुंबं उन्हाळ्यात उत्तरेला जात. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा तर हमखास. अशा प्रवाशाला तिकीट विकलंच आहे, तर त्याचा मुक्कामही आपल्याकडेच का होऊ नये? ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न या कंपनीने १९०६ मध्ये टर्नबरीला समुद्रकाठी गोल्फचं हॉटेल काढून ही वाट पाडली होती. कॅलेडोनियन रेल्वेचे जनरल मॅनेजर डोनाल्ड मॅथेसन १९१० मध्ये या भागात सुटीला आले आणि टेकड्यांमधली ही जागा त्यांच्या मनात भरली.

काम सुरू झालं आणि पहिलं महायुद्ध आलं. हॉटेल अर्धवट राहिलं, गोल्फची मैदानं मात्र आधी तयार झाली. ती आखली जेम्स ब्रेड यांनी. सुताराच्या कामापासून सुरुवात करून पाच वेळा ओपन ही गोल्फची मानाची ब्रिटिश स्पर्धा जिंकलेला हा माणूस. त्यांचा किंग्ज कोर्स १९१९ साली खुला झाला. त्यातल्या पाचव्या होलचं, म्हणजे टप्प्याचं, नाव स्कॉट्स बोलीत ‘हेट गर्डल’, म्हणजे तापलेला तवा. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीची हिरवळ तिथे उंचवट्यावर आहे आणि कडेने उतार. चेंडू जरा चुकला की तव्यावरच्या थेंबासारखा घरंगळत खाली. मैदानाचा स्वभाव इतक्या नेमकेपणाने सांगणारं नाव मला दुसरं माहीत नाही.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन व्यावसायिक गोल्फ खेळाडूंचा सामना इथेच झाला. हॉटेल अजून तयार नव्हतं, म्हणून अमेरिकनांनी रेल्वेच्या डब्यांत मुक्काम केला. ब्रिटनच्या संघात हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर आणि स्वतः ब्रेड होते, आणि ब्रिटन जिंकलं. सहा वर्षांनी रायडर कप ही दोन संघांमधली गोल्फ स्पर्धा सुरू झाली. तिची बीजं शोधताना या सामन्यापर्यंत यावंच लागतं.

अखेर जून १९२४ मध्ये हॉटेलचे दरवाजे उघडले, तेव्हा मूळ कॅलेडोनियन कंपनी उरलीच नव्हती. १९२३ च्या विलीनीकरणात ती लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेत सामावली गेली. उद्घाटनाच्या रात्री हेन्री हॉल यांच्या बँडचं संगीत रेडिओवरून घराघरांत पोचलं. दुसऱ्या महायुद्धात या दिवाणखान्यांचं इस्पितळ झालं, पुढे जखमी खाणकामगारांना इथे पुन्हा उभं केलं गेलं. माझ्या मते या वास्तूच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान.

१९४८ मध्ये रेल्वेबरोबर हॉटेलही सरकारी झालं आणि १९८१ मध्ये खासगी हातांत परतलं. तोवर ते फक्त हंगामात चाले. बारा महिने उघडं ठेवायचं, तर थंडीतही पाहुणा यायला हवा, आणि हिवाळ्यात केवळ गोल्फवर भागत नाही. म्हणून नेमबाजी, घोडेस्वारी, ससाणे हाताळायला शिकवणारी शाळा अशी भर पडत गेली. नेमबाजीच्या शाळेला तर शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट यांचं नाव होतं. १९९३ मध्ये गोल्फपटू जॅक निकलस यांनी आखलेलं तिसरं मोठं मैदान आलं.

खेळ आणि राजकारण यांची इथली गाठ मात्र जुनी आहे. १९७७ मध्ये राष्ट्रकुलातल्या नेत्यांनी याच हॉटेलात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध ठेवण्यास विरोध करणारा करार केला. त्याला ग्लेनईगल्सचंच नाव मिळालं. जुलै २००५ मध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाच्या परिषदेसाठी डॉ. मनमोहन सिंगही इथे आले होते; त्याच काळात लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. २०१५ मध्ये हे हॉटेल भारतीय वंशाचे उद्योजक शरण पसरीचा यांच्या एनिसमोर कंपनीकडे गेलं.

२०१४ मध्ये रायडर कप अखेर इथे आला आणि युरोपने तो १६½–११½ असा जिंकला. त्याआधी जुन्या स्थानकाची डागडुजी झाली, लिफ्ट बसल्या. गाड्या तिथे आजही थांबतात.