वाळवंटातला, पण वाळवंटाचा नसलेला सॅलमँडर

वाळवंटातील प्राणी म्हटला की उन्हावर मात करणारी काहीतरी अजब युक्ती त्याच्यापाशी असणार, असे आपण गृहीत धरतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘डेझर्ट स्लेंडर सॅलमँडर’ या पालीसारख्या शेपटीवाल्या उभयचराबाबत ते साफ चुकते. सांता रोसा डोंगरांच्या वाळवंटाकडील बाजूस, हिडन पाम कॅन्यनमध्ये, तो १९६९ साली सापडला. तेथे चुनखडीच्या कड्यातून सतत पाणी पाझरते आणि हा प्राणी त्या ओल्या भेगांपलीकडे फारसा जातच नाही.

याचे कारण त्याच्या श्वसनात आहे. त्याला फुप्फुसे नाहीत. त्वचेवरील पाण्याच्या पातळ थरात ऑक्सिजन विरघळतो आणि विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, त्वचेलगतच्या केशवाहिन्यांत पोहोचतो. हे विसरण पुरेसे व्हायचे तर शरीराच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ मोठे हवे. लांबट दंडगोलाची त्रिज्या निम्मी केली की वक्रपृष्ठाचे घनफळाशी असलेले गुणोत्तर दुप्पट होते; त्यामुळे या कुळीचे गांडुळासारखे बारीक, लांबट शरीर श्वसनाला सोयीचे ठरते. पण जी त्वचा ऑक्सिजनला आत घेते, तीच पाण्याला बाहेर सोडते, आणि पृष्ठफळ वाढले की बाष्पीभवनही वाढते. पालीसारखी कोरडी, खवलेदार त्वचा त्याला लाभली असती, तर पाणी वाचले असते आणि श्वास कोंडला असता. सॅलमँडर आगीत जगतो, हा समज युरोपात शतकानुशतके टिकून होता. सुकताच गुदमरणाऱ्या जिवाबद्दल याहून उफराटी कल्पना शोधून सापडणार नाही.

त्याची बॅट्राकोसेप्स ही प्रजाती, म्हणजे जवळचे नाते असलेल्या जातींचा गट, ओरेगॉनपासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत पसरली असून, मागच्या पायांना पाचऐवजी चारच बोटे ही तिची सहज दिसणारी खूण आहे. डेथ व्हॅलीजवळच्या इन्यो पर्वतातील तिची एक जाती अशीच झऱ्यांना चिकटून राहते. हिमयुगातील ओलसर हवामान सरल्यावर असे जीव पाण्याच्या तुटक बेटांवर अडकून पडले, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. आपल्या नायकाला १९७० साली स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला होता. आता मात्र तो लॉस एंजेलिसच्या बागांमध्ये कुंड्यांखाली आढळणाऱ्या ‘गार्डन स्लेंडर सॅलमँडर’ची उपजाती मानला जातो. १९७३ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, आणि ही यादी ज्या कायद्यानुसार ठेवली जाते तो उपजातींनाही लागू होत असल्याने दर्जा घटला म्हणून संरक्षण आपोआप जात नाही. १९७६ च्या वादळी पुरात मात्र त्याच्या कड्यावरील चुनखडीचा काही भाग वाहून गेला.