दुपारी एक ते चार

नारायण पेठेत वडिलांचं स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. दुपारी एकला ते शटर ओढायचे, वाड्यात येऊन जेवायचे, चौकात दोन-चार फेऱ्या मारायचे आणि माजघरात सतरंजीवर डाव्या कुशीला वळून पडायचे. मनगटावरचं घड्याळ उशाशी काढून ठेवलेलं असे. गजर नव्हताच. वीस-पंचवीस मिनिटांनी ते आपसूक उठून बसायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे आणि पेपर घ्यायचे. ‘झोपतो’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. ‘जरा पाठ टेकतो’ म्हणायचे.

पुण्यातल्या दुकानांच्या ‘एक ते चार बंद’वर आजवर भरपूर हसून झालंय. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. मला मात्र ही वेळ नेमकी कुठून आली असेल याचं कुतूहल होतं. गेली काही वर्षं झोपेविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि वडिलांच्या त्या पाठ टेकण्याबद्दलचा आदर वाढतच गेला.

दुपारच्या पेंगेचा दोष आपण वरण-भाताला देतो. ‘जेवलं की रक्त पोटाकडे धावतं, मेंदूला कमी पडतं’ हे तर लहानपणापासून ऐकलंय. ते खरं नाही. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं, जेवणाने तो आटत नाही. शिवाय ज्यांनी जेवण चुकवलंय त्यांनाही दुपारी ग्लानी येते. जेवण तिला थोडं गडद करतं, एवढंच. मेंदूत ओरेक्सिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात, त्या आपल्याला टक्क जागं ठेवतात. रक्तातली साखर वाढली की त्या मंदावतात, हे २००६ मध्ये उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांतून दिसलं. भात जड का वाटतो, याचं एक कारण तिथे असावं.

खरं कारण जेवणाच्या आधीपासूनच तयार होत असतं. झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना आजही या विषयाचा पाया आहे. आपली झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. पहिली म्हणजे साठत जाणारा थकवा. सकाळी डोळे उघडल्यापासून मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर जेमतेम वीस हजार पेशींचा एक पुंजका बसलेला असतो. उजेडावर आपली वेळ लावून तो दिवसभर ‘जागा राहा’ असा इशारा देत राहतो. हा इशारा संध्याकाळी सर्वांत जोरात असतो, म्हणून दिवसभर राबूनही सातच्या सुमारास आपल्याला तरतरी येते. दुपारी मात्र अॅडेनोसिन बऱ्यापैकी साचलेलं असतं आणि घड्याळाचा इशारा अजून पुरेसा चढलेला नसतो. मधल्या त्या फटीत पापण्या जड होतात.

आता यात पुण्याचा एक खास हिशेब आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे जवळपास ७३.८५ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटं उशिरा पोचतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्याची मध्यान्ह व्हायची असते, ती होते साधारण १२.३५ला. जमीन मात्र त्यानंतरही तापतच राहते, कारण उन्हातून येणारी उष्णता परत जाणाऱ्या उष्णतेपेक्षा बराच वेळ जास्त असते. पारा सर्वांत वर जातो तो अडीच-तीनच्या पुढे. म्हणजे एक ते चार ही वेळ शरीराच्या उतरतीच्या काळाला आणि उन्हाच्या चढत्या काळाला, दोघांनाही बरोबर कवेत घेते. एप्रिल-मेच्या उन्हात त्या वेळी लक्ष्मी रोडवर कोण फिरकणार होतं? पेठेतल्या दुकानदारांनी आपलं शरीर आणि आपलं आभाळ ओळखून दिवस आखला होता, असंच मी म्हणेन.

वाडाही या झोपेसाठीच बांधल्यासारखा असायचा. हात-दीड हात जाडीच्या भिंतीतून बाहेरचं ऊन आत झिरपायला आठ-दहा तास लागतात. दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि चौकातून वारा खेळत असतो. माजघर तर चहूबाजूंनी खोल्यांच्या मधोमध. मेच्या भर दुपारी तिथल्या शहाबादी फरशीला गाल लावला तर अंगभर गारवा पसरायचा. आज सिमेंटच्या पातळ भिंतींत राहणाऱ्यांना त्याच गारव्यासाठी एसी लावावा लागतो.

डावी कूसही उगाच नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते ती जागा वर राहते आणि जठराचा फुगीर भाग खाली. त्यामुळे आम्ल घशाकडे यायला अडचण होते, आलं तरी लवकर माघारी जातं. डाव्या कुशीवर आम्ल लवकर माघारी जातं, हे अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये झोपलेल्या माणसांवर मोजून दाखवलं. आपल्याकडे त्याला ‘वामकुक्षी’ हा शब्दच होता. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आधीच्या चार फेऱ्यांनाही अर्थ आहे. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात.

किती वेळ पडायचं, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. पहिली वीसेक मिनिटं झोप उथळ असते. तेवढ्यातही थकवा उतरतो, लक्ष टिकतं. पॅसिफिक ओलांडणाऱ्या वैमानिकांना नासाच्या अभ्यासात पाळीपाळीने चाळीस मिनिटांची सुटी दिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि विमान उतरवतानाची त्यांची सावधता न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. १९९४ च्या अहवालात हे नोंदलं आहे. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप सुरू होते. त्यातून कुणी उठवलं की डोकं जड, जीभ कोरडी आणि सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळत नाही. रोज तास-दीड तास झोपणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसतो, पण आजारामुळे झोप येते की झोपेमुळे आजार होतो, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. रात्री ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी मात्र दुपारची टाळावी. रात्रीसाठी साठवलेली ओढ ते दुपारीच खर्चून टाकतात. आयुर्वेदही सरसकट परवानगी देत नाही. रात्री लहान असतात म्हणून चरकसंहितेत दिवसाची झोप ग्रीष्मात सांगितली आहे, इतर ऋतूंत निरोग्याला ती निषिद्ध आहे.

हा विसावा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही, हेही सांगायला हवं. भाजी मंडईतला हमाल रिकाम्या हातगाडीवर, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून तो मिळवतो, आणि त्यांच्यावर हॉर्न मारणाऱ्यांचा मला राग येतो. आणि घरात? वडील उठायचे तेव्हा आई खरकटं काढून, ओटा पुसून, भांडी पालथी घालून नुकती टेकलेली असायची. भिंतीला पाठ लावून, पदराची घडी मानेखाली. दहा मिनिटांत दुधाचा माणूस, मग साडेतीनचा चहा. तिचं अॅडेनोसिन कुणी मोजलं नाही.

वाडा आता नाही. आम्ही कोथरूडला राहतो आणि माझं बरंचसं काम घरून चालतं. आई ७८ वर्षांची आहे. दीडला जेवणं होतात, ती हॉलमध्ये चार फेऱ्या मारते आणि खोलीत जाऊन डाव्या कुशीवर पडते. मी पडदा ओढतो, पंखा दोनवर ठेवतो. मागचं आवरायला मला पंचवीस मिनिटं लागतात. चहा टाकायच्या आत तिला हाक मारावी लागत नाही.