कूर्स मिसिसिपी नदीच्या पूर्वेला का मिळत नसे?

1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत कूर्स बिअर पश्चिमेकडच्या जेमतेम 11 राज्यांत विकली जायची. पूर्वेकडचे लोक गाडीची डिकी भरून ती घरी नेत. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या विमानातूनही ती वॉशिंग्टनला गेली. 1977च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटात टेक्सासहून जॉर्जियाला 400 खोकी पळवून न्यायची पैज आहे. तेव्हापासून अनेकांना वाटतं, की पूर्वेत कूर्सवर बंदीच होती. खास या ब्रँडवर बंदी अशी नव्हतीच. कंपनी तिथे विकत नव्हती, एवढंच.

मग पळवून नेणं बेकायदा कसं? 1933च्या 21व्या घटनादुरुस्तीने देशभराची दारूबंदी उठली, पण तिच्या दुसऱ्या कलमाने दारूचा कारभार राज्यांच्या हाती दिला. बहुतेक राज्यांनी कारखानदार, घाऊक वितरक आणि दुकानदार अशी तीन वेगळी पायऱ्यांची साखळी बांधली. राज्यात परवानाधारक वितरक नसेल तर दुकानदाराला माल मागवता येत नाही, आणि राज्याचा कर न भरता आणलेलं खोकं चोरटं ठरतं. (आपल्याकडेही मद्य राज्यसूचीत आहे, गोव्यातली बाटली बांद्याच्या अलीकडे आणताना परवाना लागतो तो त्यामुळेच.)

कंपनी पूर्वेत का जात नव्हती, याचं उत्तर बिअरमध्येच आहे. इतर कारखाने भरलेल्या बाटल्या साधारण 60 अंश सेल्सियसच्या पाण्याच्या फवाऱ्याखालून काही मिनिटं नेतात. उरलेसुरले जंतू त्यात मरतात. कूर्सने 1959मध्ये ही पाश्चरीकरणाची पायरी सोडून थंड, निर्जंतुक गाळणी धरली. गाळणीतून एखादा लॅक्टिक (आंबट आम्ल बनवणारा) जिवाणू निसटला आणि डबा उबेत राहिला, की बिअर गढूळ आणि आंबट होते. त्यामुळे कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या एकुलत्या एका कारखान्यापासून दुकानाच्या फ्रीजपर्यंत माल थंडच ठेवावा लागे. वितरकाला शीतगोदाम सक्तीचं होतं आणि जुना माल परत उचलावा लागे. दोन-तीन हजार किलोमीटरवर हे सांभाळणं महागात पडलं असतं.

गंमत म्हणजे डिकीत तापत गेलेल्या त्या दुर्मीळ बिअरची चव बहुधा बिघडलेलीच असणार. पाश्चरीकरण जंतू मारतं, पण ऑक्सिजनमुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास त्याने थांबत नाही. तो गारव्यानेच लांबणीवर पडतो.

वितरकांना इलाखे बांधून देणं आणि भाव पाळायला लावणं या कंपनीच्या पद्धतीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) आदेश काढला आणि 1974मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. पूर्वेची वाट मात्र त्याने उघडली नाही. ती उघडली धंद्याच्या गरजेने. मोठ्या स्पर्धकांनी देशभर कारखाने पसरले होते आणि पश्चिमेतही ते कूर्सचं गिऱ्हाईक ओढत होते. 1981मध्ये कूर्स मिसिसिपीपार गेली. 1987मध्ये व्हर्जिनियातल्या एल्कटनला बाटल्या भरायचा कारखाना निघाला. गोल्डनहून तीव्र बिअर रेल्वेच्या थंड टाक्यांतून यायची आणि तिथल्या पाण्याने पातळ केली जायची. जाहिरातींत मात्र रॉकी पर्वताचंच पाणी वाहत राहिलं. 1991मध्ये ती सर्व 50 राज्यांत पोचली.