ओठांवर आलेलं नाव अनोळखी माणसाला कसं विचारावं

"नव्वदच्या दशकातला सिनेमा आहे, मोठा वाडा, त्यात एक बाई आणि शेवटी आग लागते. नाव सांगा प्लीज." इंटरनेटवर असे प्रश्न रोज पडतात आणि बरेचसे तसेच पडून राहतात. उत्तर देणाऱ्यांचा तुटवडा नसतो, अशी कोडी सोडवायला हौसेनं बसलेले लोक भरपूर आहेत. अडतं ते प्रश्नातच. विचारणारा जे 'पक्कं आठवतंय' म्हणून लिहितो, त्यातलं बरंचसं मेंदूनं मागाहून भरलेलं असतं, आणि जे खरोखर पक्कं असतं ते 'हे काय सांगायचं' म्हणून गाळलेलं असतं.

नाव ओठांवर येऊन अडकतं तेव्हा काय होतं, हे हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये तपासलं. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारले. ज्यांचा शब्द अडकला, त्यांना निम्म्याहून अधिक वेळा त्याचं पहिलं अक्षर मात्र बरोबर सांगता आलं. शब्द किती लांब आहे, याचाही अंदाज बऱ्यापैकी जमला. म्हणून 'नाव क-नं सुरू होतं, तीन अक्षरी असावं' ही माहिती फुटकळ वाटली तरी लिहावी. डोकं खाजवत बसण्यात मात्र फायदा नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात काहींना १० सेकंद, तर काहींना ३० सेकंद अडकलेल्या अवस्थेत ठेवून मग शब्द सांगितला. दोन दिवसांनी जास्त वेळ अडकलेले लोक त्याच शब्दावर पुन्हा जास्त अडकले. मेंदूनं त्या वेळात शब्द शिकण्याऐवजी अडकणंच गिरवलं होतं. तेव्हा मिनिटभरात नाही आठवलं तर सरळ विचारून मोकळं व्हावं.

अनोळखी माणूस उपयोगी पडतो, कारण त्याला आठवायचं नसतं, फक्त ओळखायचं असतं. ओळखण्याची आपली ताकद अफाट आहे. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना १०,००० चित्रं दाखवली. नंतर जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवल्यावर सुमारे ८३ टक्के वेळा जुनं बरोबर ओळखलं गेलं. म्हणजे तुमचं काम एवढंच, की वाचणाऱ्याच्या डोक्यात योग्य चित्र उभं राहील असा नेमका दुवा द्यायचा. हजार वाचणाऱ्यांपैकी एकाला तो लागला तरी पुरे.

आता स्मरणात काय टिकतं आणि काय टिकत नाही. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की ऐकलेल्या वाक्याचा अर्थ राहतो, पण शब्दरचना अर्ध्या मिनिटाच्या आत पुसली जाते. 'कासाब्लांका' (१९४२) मधला म्हणून जगभर सांगितला जाणारा 'प्ले इट अगेन, सॅम' हा संवाद त्या चित्रपटात त्या शब्दांत नाहीच. म्हणून आठवणारा संवाद अवतरणचिन्हांत टाकून शोधू नये. 'नायक म्हणतो की मी परत येणार नाही, अशा अर्थाचं' असं लिहावं.

दुसरी खोड म्हणजे आठवण ओळखीच्या साच्यात बसवून घेण्याची. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हे नोंदवलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्लिश वाचकांना पुन्हा सांगायला लावली, तेव्हा कथेतल्या कॅनूची साधी होडी झाली आणि सीलची शिकार मासेमारीवर आली. तेव्हा ज्या तपशिलाला काही कारणच दिसत नाही, तो बहुधा खरा असतो: नायिकेच्या हातातला मोडका रेडिओ, उगाच दिसलेला हिरवा दरवाजा. 'शेवटी वाईट माणसाला शिक्षा होते' हे मात्र मेंदू फुकटात भरून देतो.

आणि ही भर बाहेरूनही पडते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटार अपघाताची फीत दाखवून काहींना गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर काहींना 'चक्काचूर झाल्या' असा शब्द वापरून. आठवड्यानं विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्या का? फितीत काच फुटलीच नव्हती. तरी 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. म्हणून आधी लिहून काढायचं आणि मगच घरच्यांना विचारायचं. 'त्यात तो अमुक हिरो होता ना?' असं दादानं एकदा म्हटलं, की तो हिरो तुमच्या आठवणीत कायमचा मुक्कामाला येतो.

लिहिताना प्रत्येक तपशिलापुढे 'नक्की', 'बहुतेक' किंवा 'अंधुक' असं टाका. सर्वांत मोलाची माहिती पडद्याबाहेरची असते: कोणत्या वर्षाच्या आसपास पाहिलं, थिएटरात, दूरदर्शनवर, केबलवर की एसटीच्या प्रवासात, रंगीत की कृष्णधवल, भाषा कोणती, त्या वेळी तो नवा होता की जुना. 'पाहिलं १९९६ ला' आणि 'चित्रपट १९९६ चा' यांत वीस वर्षांचं अंतर असू शकतं. कोणते चित्रपट तो नव्हेत हे माहीत असेल तर तेही लिहा, म्हणजे तीच तीन नावं पुन्हापुन्हा सुचवली जात नाहीत. शीर्षकात 'मदत हवी' लिहून जागा वाया घालवू नका. तिथे भाषा, काळ आणि सर्वांत विचित्र दृश्य यायला हवं. गाण्याच्या ओळी देवनागरीत द्या आणि रोमनमध्येही द्या, कारण शोधणारे दोन्हीकडे असतात.

भारतीय सिनेमात नुसती गोष्ट सांगून भागत नाही. जुना वाडा, बंद खोली, नर्तकीच्या रूपात वावरणारी सून आणि मानसोपचारतज्ज्ञ, एवढ्यावर मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३), कन्नड 'आप्तमित्र' (२००४), तमिळ 'चंद्रमुखी' (२००५) आणि हिंदी 'भूल भुलैया' (२००७) ही चारही उत्तरं येऊ शकतात. 'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८) यांचंही तेच. शिवाय दक्षिणेतले चित्रपट हिंदीत डब होताना नाव बदलून येतात, त्यामुळे 'हिंदी होता' ही आठवण खरी असूनही दिशाभूल करते. ओठांची हालचाल आणि आवाज जुळत होते का, दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत होत्या, हे सांगितलं तर अर्धं काम होतं.

गाण्याचं शास्त्र वेगळं आहे. मूळ रेकॉर्डिंग हाताशी असेल तर शझामसारखं गाणं ओळखणारं ॲप आधी वापरा. ते सूर ऐकत नाही. ध्वनीच्या आलेखातले ठळक बिंदू घेतं, त्यांच्या जोड्या लावतं आणि दोन्ही वारंवारता व मधला वेळ यांचा ठसा साठवलेल्या ठशांशी ताडतं. म्हणून गोंगाटातही ओळखतं, पण त्याच गायकानं तेच गाणं मैफलीत गायलं तर चुकतं. वेग बदलला तरी बिघडतं. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल (भारतातही वापरलेल्या) प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, तेव्हा चार मिनिटांचं गाणं जवळजवळ १० सेकंद आधी संपतं आणि स्वर जवळपास पाऊण अर्धस्वरानं (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊण भागानं) चढतो. व्हीसीडीवरून चढवलेली जुनी गाणी ॲपला सापडत नाहीत, त्यात हे एक कारण असू शकतं. अशा वेळी वेग ४ टक्के कमी करून पुन्हा वाजवून पाहा.

रेकॉर्डिंग नसेल तर गुणगुणा. २०२० पासून गूगलमध्ये ही सोय आहे. १० ते १५ सेकंद, शब्दांशिवाय, मुखड्यापासून. बेसूर असण्याची लाज नको, कारण ताडली जाते ती चालीची चढउतार. वेग मात्र मनात वाजतो तसाच ठेवा. डॅनियल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांच्या १९९६ च्या अभ्यासात सामान्य लोकांनी आठवणीतून गायलेल्या ७२ टक्के प्रयत्नांचा वेग मूळ ध्वनिमुद्रणाच्या ८ टक्क्यांच्या आत होता. शब्दांइतकी गाण्याची लय फसवत नाही.

रेकॉर्डवर छापलेलं नावही जसंच्या तसं धरू नये. 'महल' (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून पात्राचं, 'कामिनी' हे नाव होतं; आवाज लता मंगेशकरांचा. संगीतकार 'आनंदघन' म्हणजेही त्याच.

उत्तर आलं की पारखून घ्या. यासाठी एक 'नक्की' तपशील प्रश्नात न लिहिता स्वतःकडे ठेवावा आणि सुचवलेल्या चित्रपटात तो आहे का ते पाहावं. नुसतं पोस्टर पाहून 'हाच तो!' वाटणं पुरेसं नाही, ती पुन्हा दुसऱ्याच्या सुचवण्याची किमया असू शकते. एआय चॅटबॉटला विचारलंत तर जास्तच सांभाळा: अस्तित्वात नसलेला चित्रपट दिग्दर्शक आणि सालासकट सांगायला त्याला काही वाटत नाही.

काही कोडी वर्षानुवर्षं चालतात. ऐंशीच्या दशकात जर्मन रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेलं एक इंग्रजी गाणं २००७ मध्ये इंटरनेटवर आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओळखलं गेलं: कील शहरातल्या फेक्स या बँडचं 'सबवेज ऑफ युवर माइंड'. मधल्या काळात लोकांनी गाण्यातला सिंथेसायझर ऐकून तो १९८३ मध्ये बाजारात आलेला यामाहा डीएक्स-७ असावा, म्हणजे गाणं त्याआधीचं नसावं असा तर्क केला. ध्वनीच्या आलेखात १० किलोहर्ट्झजवळ दिसणारी बारीक रेघ त्याच केंद्राच्या इतर रेकॉर्डिंगशी ताडून पाहिली. म्हणून जुन्या कॅसेटचा तुकडा टाकताना खरखर काढून 'स्वच्छ' केलेली फाइल देऊ नका. कॅसेट जशी वाजते तशी, फाइल लहान करण्यासाठी कॉम्प्रेस न करता, पुढेमागे ऐकू येणाऱ्या निवेदकाच्या अर्ध्या वाक्यासकट द्या.